बडोद्याहून दीवचा किल्ला: घाई न करता कसा पाहावा

दीवला जाऊन आलेले बडोदेकर ढिगाने भेटतात. नागव्याच्या किनाऱ्यावर डुंबले, संध्याकाळी ‘बसले’, दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर किल्ल्यात अर्धा-पाऊण तास. किल्ल्याचं विचारा, तर ‘हो, पाहिला की, तोफा आहेत, दीपगृह आहे’ एवढ्यावर विषय संपतो. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांना किल्ल्यासाठी दीवला जायचंय, आणि किनारा झालाच तर वरकड म्हणून हवाय, त्यांच्यासाठी आहे.

किल्ल्याला दोन वेळा द्या: एक दुपार कलल्यानंतर, बाहेरून, आणि दुसरी सकाळी दरवाजा उघडताच, आतून. मधल्या टळटळीत उन्हात त्याच्याकडे फिरकू नका. पुढचं सगळं नियोजन याच हिशोबाने मांडलंय.

आधी चांपानेर

दीवच्या किल्ल्याची गोष्ट सुरू होते ती आपल्या दारात. पावागडला महाकालीच्या दर्शनाला आपण जातोच. पायथ्याचं चांपानेर मात्र बहुतेकांना गाडीच्या खिडकीतूनच ठाऊक असतं. बडोद्याहून 50 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका रविवार सकाळचं काम. दीवला निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी ते उरकून घ्या.

कारण असं. 1535 साली हुमायून गुजरातवर चालून आला. सुलतान बहादूरशहा म्हणजे महमूद बेगड्याचा नातू. मंदसोर, मांडू असं मागे हटत तो चांपानेरला आला आणि तिथूनही त्याला पळावं लागलं. पावागडच्या कड्यात लोखंडी मेखा ठोकून हुमायूनची माणसं रात्रीतून वर चढली आणि गड पडला. बहादूरशहा खंबायतमार्गे थेट दीवला पोहोचला. पुढे समुद्र, मागे मुघल. पोर्तुगीज कितीतरी वर्षं दीववर डोळा ठेवून होते आणि गुजरातच्या सुलतानांनी त्यांना तिथे पाय ठेवू दिला नव्हता. आता मदतीच्या बदल्यात त्याच पोर्तुगीजांना बेटावर किल्ला बांधायची परवानगी मिळाली. तेव्हा त्यांचा गव्हर्नर होता नुनो द कुन्या. आदल्याच वर्षी, 1534 च्या डिसेंबरात, याच बहादूरशहाने वसईही त्यांना तहात देऊन टाकली होती.

हुमायून लवकरच परत फिरला. सुलतानाला आपण काय करून बसलो ते उमगलं, पण उशीर झाला होता. फेब्रुवारी 1537 मध्ये तो पोर्तुगीज गव्हर्नरला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना झालेल्या चकमकीत दीवच्या पाण्यातच बुडाला. चांपानेरची जामा मशीद आणि वरचा कडा पाहून ठेवला असला, की दीवच्या तटावर उभं राहून हे सगळं आपोआप जुळतं.

कधी जावं

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. त्यातही दिवाळीची सुट्टी आणि 31 डिसेंबरचा आठवडा टाळा. तेव्हा अख्खा सौराष्ट्र आणि अर्धं अहमदाबाद तिथे असतं, खोल्यांचे भाव चढतात. जन्माष्टमीच्या सातम-आठमलाही तीच गत. जानेवारीतल्या सोमवार-मंगळवारी मात्र गाव पुन्हा गावाचं होतं.

बेट कर्कवृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे थंडीतही अकरानंतरचं ऊन चटके देतं आणि किल्ल्यात सावली जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात तट हिरवेगार होतात, फोटो सुरेख येतात, पण जुन्या दगडावर शेवाळ चढतं आणि होड्या बंद असतात. किल्ला समुद्रातून पाहायचा असेल, तर पावसाळा बाद.

जायचं कसं

रस्त्याने साधारण 400 किलोमीटर. वासद, बोरसद, तारापूर, वटामण, मग भावनगर, तळाजा, महुवा, राजुला, ऊना आणि तिथून देलवाड्यावरून दीव. नाष्ट्याचे थांबे धरून नऊ तास मोजा. पहाटे पाचला निघालात तर दुपारी खोलीत पोहोचून, जरा पाठ टेकून, चारच्या सुमारास किल्ल्याच्या बाहेर उभं राहता येतं. गाठिया-पपईचा संभारा भावनगरच्या पुढे खा, आधी नको. वटामणला पोट भरलं की पुढचा सरळसोट रस्ता डोळ्यांवर झापड आणतो.

गाडी चालवायची नसेल तर ऊना-दीवकडे रात्रीच्या लक्झरी असतात. काही गाड्या ऊन्यापर्यंतच जातात. तिथून दीव 15 किलोमीटरच्या आसपास, रिक्षा किंवा लोकल बस मिळते. रेल्वेने जायचं तर वेरावळपर्यंत, आणि पुढे सुमारे 90 किलोमीटर रस्ता. मुलांना घेऊन हा खटाटोप मी तरी करणार नाही. दहेज-घोघा फेरीबोट 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा बडोदेकरांना वाटलं होतं, की आता भावनगर हाकेच्या अंतरावर आलं. पण ती सेवा टिकली नाही, 2020 पासून बोट हजीऱ्याहून सुटते. बडोद्याहून आधी सुरतेला खाली उतरून बोट गाठण्यात काही हशील नाही.

भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरकडे केंद्रशासित प्रदेशात शिरायचा परवाना आहे ना, हे आगाऊ विचारून ठेवा. 2020 च्या 26 जानेवारीपासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव असा एकच प्रदेश झालाय, पण गुजरातच्या दृष्टीने ती सीमाच. आपल्याला, म्हणजे प्रवाशांना, कसलीही परवानगी लागत नाही. ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं हवं, हॉटेलवाले मागतात.

खोली गावात घ्या

हे ठासून सांगतो. नागव्याची रिसॉर्टं छान आहेत, पण ती बेटाच्या मध्यावर आणि किल्ला पूर्वेच्या टोकाला. सात-आठ किलोमीटर रोज ये-जा करायची, तर सकाळी आठला दरवाज्यात कोणी पोहोचत नाही. बंदर चौकाजवळ किंवा जेट्टीच्या रस्त्याला साधी, स्वच्छ खोली घ्या. किल्ला चालत गाठता येतो, आणि संध्याकाळी खाडीवरचा वाराही फुकट.

पहिली संध्याकाळ: बाहेरून

पोहोचल्या पोहोचल्या एक चौकशी करा: भरती कधी? जेट्टीवरच्या कुठल्याही होडीवाल्याला ‘भरती क्यारे?’ एवढं विचारलं तरी पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब इथे जसाच्या तसा लावू नका, वेळ पुढेमागे होते. हे विचारायचं कारण म्हणजे खंदक. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे आणि चौथ्या, गावाकडच्या बाजूला दगडात खोदून काढलेला खंदक. भरतीला समुद्राचं पाणी त्यात शिरतं आणि किल्ला बेटावरचं बेट होऊन बसतो. ओहोटीला खंदकाच्या उघड्या पडलेल्या भिंती पाहा. खालचा भाग बांधलेला नाही, मूळ खडकच उभा तासलाय आणि त्याच्यावर चिऱ्यांचा तट चढवलाय. कुठे खडक संपतो आणि कुठे बांधकाम सुरू होतं ती रेघ, एकदा दिसली की मग सगळीकडे दिसत राहते. विजयदुर्ग पाहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तिथेही जमिनीकडच्या बाजूला खंदक होता, तो आता बुजलाय. दीवला तो जिवंत आहे.

गावाकडचा हा दर्शनी भाग पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणून दुपारी चारनंतर उन्हाची तिरीप सरळ तटावर पडते आणि दगड पिवळाजर्द दिसतो. सकाळी हीच बाजू सावलीत काळपट असते. फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग जेट्टीवरून होडी घ्या. खाडीच्या तोंडाशी पाण्यात एकटा उभा असलेला छोटा किल्ला दिसतो, तो पाणीकोठा. होडीने त्याला वळसा घालता येतो. तिथूनच मोठ्या किल्ल्याकडे नीट बघा, कारण तो शत्रूच्या नजरेतून असाच दिसायचा. पाणीकोठा आणि मुख्य किल्ला यांच्या तोफांच्या मधून आल्याशिवाय कोणतंही गलबत बंदरात शिरू शकत नव्हतं. दीवचं मोल तेच होतं: खंबायतच्या आखातात जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची नाडी या खाडीच्या तोंडाशी हातात यायची. होडीचा भाव बसण्याआधी ठरवा, आणि लाइफ जॅकेट घाला, नाक मुरडू नका.

दुसरी सकाळ: आतून

किल्ला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असा उघडा असतो. आठला दारात उभे राहा. सोबत पाणी, टोपी आणि जाड तळव्याचे बूट. आत प्यायच्या पाण्याचा भरवसा धरू नका. पुलावरून आत शिरताना लगेच पुढे पळू नका. पूल आता पक्का आहे, पूर्वी तो उचलता येई. दरवाज्याच्या वरचा पोर्तुगीज शिलालेख पाहा आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: दरवाजा सरळ आत नेत नाही, वाट वळते. आपल्या गडांच्या गोमुखी दरवाज्यांमागेही तोच विचार, धावत येणाऱ्याचा वेग मोडायचा.

आत गेल्यावर लोक सरळ दीपगृहाकडे जातात. तुम्ही आधी गावाकडच्या तटावर चढा. चढायला पायऱ्या नव्हे तर रुंद उतरण आहे, तोफा वर ओढत न्यायच्या असल्याने. वर आलात की बाहेरचा तट, मधला खंदक आणि आतला उंच तट असे तिन्ही थर एका नजरेत येतात. बाहेरचा तट पडला तरी शत्रू खंदकात अडकतो आणि वरून मारा होतो. तट ठिकठिकाणी पुढे काढलेत, ते शेजारच्या भिंतीच्या पायथ्याशी बिलगलेल्या माणसावरही गोळी पोहोचावी म्हणून. राजगडाच्या माचीला उंची राखते; इथे जमीन सपाट, तेव्हा सगळी मदार अशा भूमितीवर.

इथेच बसून दोन वेढ्यांची गोष्ट मुलांना सांगा, घरी सांगून उपयोग नाही. 1538 मध्ये इजिप्तचा तुर्की सुभेदार सुलेमान पाशा मोठं आरमार घेऊन आला, जमिनीवरून गुजरातची फौज ख्वाजा सफरच्या हाताखाली. आत किल्लेदार अँतोनियो द सिल्वेरा. वेढा महिनोन्‌महिने चालला, शेवटी आरमारच निघून गेलं. 1546 मध्ये ख्वाजा सफर पुन्हा आला आणि तोफेच्या गोळ्याने मारला गेला. त्याच्या मुलाने वेढा चालू ठेवला. सुरुंग लावून एक बुरूज उडवला तेव्हा त्यावर असलेला, गोव्याच्या गव्हर्नरचा तरुण मुलगा फर्नांदो मेला. तो गव्हर्नर, जुआंव द कास्त्रो, नोव्हेंबरात स्वतः आरमार घेऊन आला आणि वेढा मोडला.

किल्ला अगदी ढासळला होता, पुन्हा बांधायला पैसा नव्हता. कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. मुलाची हाडं पाठवायचा त्याचा विचार होता, पण प्रेत अजून तेवढं झिजलं नव्हतं. आज आपण ज्यावरून चालतो तो बराचसा याच डागडुजीनंतरचा किल्ला. लोक 1535 म्हणतात, पण डोळ्यांना दिसतं ते बहुतांशी 1546 च्या पुढचं.

आता तोफा. सगळ्यांवर बसून फोटो काढण्याऐवजी दोनच नीट पाहा, एक लोखंडाची आणि एक पंचधातूसारख्या दिसणाऱ्या काशाची. लोखंडाच्या तोफेला खाऱ्या हवेने पापुद्रे सुटलेत, बोट लावलं की तांबूस भुगा हाताला येतो. म्हणूनच हात लावू नका. काशाची तोफ मात्र शेवाळी हिरवी झालीय पण तिची कड अजून धारदार आहे. मागच्या बाजूला बत्ती द्यायचं छिद्र शोधा. काहींवर पोर्तुगालचं राजचिन्ह दिसतं: मोठ्या ढालीत क्रुसासारख्या मांडलेल्या पाच छोट्या ढाली. दीवची सगळ्यात नामांकित तोफ मात्र इथे नाही. बहादूरशहाच्या काळात, 1533 मध्ये ओतलेली, अरबी लेख असलेली ती अजस्र तोफ पोर्तुगीजांनी लिस्बनला नेली. ती तिथल्या लष्करी संग्रहालयात आहे.

पुढे पडक्या चर्चच्या भिंती, कोठारं, पाण्याची टाकी. वटवाघळांचा वास आला की तिथून मागे फिरायला हरकत नाही. किल्ल्याच्या एका भागात बरीच वर्षं तुरुंग होता. बंद केलेल्या दारांच्या आणि पाट्यांच्या पलीकडे जाऊ नका. शेवटी समुद्राकडच्या तटावर दीपगृहापाशी या. कठडे बऱ्याच जागी कमरेच्याही खाली आहेत आणि पलीकडे सरळ खडक. लहान मुलांचा हात सोडायचा नाही, आणि सेल्फीसाठी जंग्यात, म्हणजे तटातल्या मारगिरीच्या भोकांत, चढायचं नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी दरवाज्याजवळचा सपाट भाग आणि एक उतरण एवढं केलं तरी निम्मा किल्ला पाहून होतो.

दीपगृहापासून समुद्राकडे बघताना आणखी एक तारीख आठवा. डिसेंबर 1961. सोळाव्या शतकातल्या गोळ्यांसाठी जाड केलेल्या या तटावर भारतीय नौदलाच्या ‘दिल्ली’ या क्रूझरने मारा केला, हवाई दलाची विमानं वरून आली, आणि 19 डिसेंबरला दीव मुक्त झालं. 426 वर्षं. वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतली, दीव मराठ्यांच्या वाटेला कधी आलंच नाही. वसईत आपण झाडाझुडपांत हरवलेल्या भिंती पाहतो. त्या उभ्या असताना काय दिसत असेल, त्याचा अंदाज दीवला येतो.

अडीच-तीन तासांत हे सगळं होतं. अकराला बाहेर पडा.

उरलेला दिवस

फार पसरू नका. सेंट पॉल चर्च चालू आहे, दर्शनी भागाचं कोरीवकाम आणि आतलं लाकूडकाम पाहण्याजोगं. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. सेंट थॉमस चर्चमध्ये संग्रहालय आहे. दुपारी नायडा लेणी. लेणी म्हणतात पण ते देवाधर्माचं काम नव्हे, किल्ल्यासाठी इथून दगड काढला असं सांगतात. छतातल्या भोकांतून ऊन खाली येतं तेव्हा, म्हणजे बाराच्या आसपास, तिथे मजा. जाता जाता गावकुसाचा झांपा दरवाजा. फिरंगीवाड्यातून चालत या: कित्येक घरांना कुलूप, मालक पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडात.

खुकरी स्मारक संध्याकाळसाठी ठेवा. 9 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच राहिले.

जेवणाचं म्हणाल तर मासळी ताजी असते, बंदरावर उतरलेली. शाकाहारी मंडळींना गुजराती थाळी मिळतेच. आणि ‘तो’ विषय: दीवमध्ये दारूला बंदी नाही, गुजरातेत आहे. प्यायचं ते तिथेच. एकही बाटली, उघडी असो वा बंद, गाडीत ठेवून चेकपोस्ट ओलांडू नका. गाड्या तपासतात, आणि ड्रायव्हरच्या डिकीत काय आहे याला जबाबदार तुम्हीही ठरता.

परतीची वाट

दोन पर्याय. आलात त्याच रस्त्याने एका दिवसात घर. किंवा एक दिवस जास्त असेल तर ऊन्याहून पश्चिमेला वळा. सुमारे 40 किलोमीटरवर कोडीनार लागतं. हे गायकवाडांचं: बडोदा संस्थानच्या अमरेली प्रांतातला महाल, एका बाजूला समुद्र आणि बाकी सगळीकडे दुसऱ्यांचा मुलूख. म्हणजे पोर्तुगीज दीवपासून एका दिवसाच्या घोडदौडीवर आपल्या महाराजांचं राज्य होतं. मुद्दाम थांबून पाहण्यासारखं फार नाही, चहा घ्या आणि पुढे निघा.

तिथून वेरावळमार्गे जुनागढ. ऊपरकोटावर ‘नीलम’ नावाची लांबलचक तोफ आहे, 1531 मध्ये इजिप्तमध्ये ओतलेली. सुलेमान पाशाने 1538 मध्ये दीवचा वेढा उठवला तेव्हा ती मागेच राहिली आणि पुढे जुनागढला आणली गेली. दीवच्या तटावरून जिच्या समोर उभे होतो त्या बाजूची ही तोफ. दुरुस्तीनंतर ऊपरकोट 2023 मध्ये पुन्हा खुला झालाय, तिकीट आहे. दीवहून सकाळी लवकर निघालात तर दुपारी तिथे पोहोचता. मुक्काम जुनागढलाच करा, कारण तिथून बडोदा पुन्हा पूर्ण दिवसाचा रस्ता आहे.